देह, श्वास आणि धम्म

(आष्टी येथे शनिवार-रविवारी भरलेल्या योग, आनापान व ध्यान शिबिराच्या प्रारंभी संस्थेच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



त्रिशरण आणि पंचशील आताच झाले. प्रत्यक्ष शिबिराला सुरुवात करण्यापूर्वी चार गोष्टी बोलणे आवश्यक आहे, कारण हे शिबिर ठरल्यापासून दोन प्रश्न आमच्यापुढे वारंवार आले. पहिला प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांचाच. ते म्हणाले, योग हा आपला नव्हे, तो आपल्या विहारात कशाला? दुसरा प्रश्न बायांनी विचारला. त्या म्हणाल्या, सहा महिने ऊस तोडून आलो, अंग मोडून गेले आहे, आता आणखी हातपाय कशाला वाकवायचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उत्तर न देता सतरंजीवर बसा म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. त्यात सिद्धार्थ गौतमाने गृहत्यागानंतर काय काय शिकून पाहिले याची प्रकरणे आहेत, ती पुन्हा एकदा काढून वाचावीत. ध्यानमार्गाच्या प्रकरणात बाबासाहेब श्वासावर आधारलेल्या पद्धतींची नावानिशी ओळख करून देतात. आनापानसती आहे, आणि पूरक, कुंभक, रेचक असे तीन भाग असलेला प्राणायामही आहे. मगधात गेल्यावर श्वास कोंडून चित्त एकाग्र करण्याची विद्याही सिद्धार्थाने शिकून पाहिली आणि तिने डोके फुटायची वेळ आली, हेही तेथेच आहे. मूळ पालीत ही हकीकत मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात आहे. तोंड आणि नाक बंद करून श्वास रोखल्यावर लोहाराच्या भात्यासारखा आवाज कानात होऊ लागला, शेवटी कानही बंद केल्यावर डोक्यात असह्य वेदना झाल्या, अंगाचा दाह झाला. आणि एवढे करून हाती काही लागले नाही. मग लहानपणी वडील शेताच्या कामात असताना जांभळीच्या सावलीत आपण सहज, शांत बसलो होतो ते त्यांना आठवले आणि मार्ग सापडला तो तिथून.

आता विचार करा. ज्याने स्वतः करून पाहिले, त्रास भोगला आणि मग टाकायचे ते टाकून ठेवायचे ते ठेवले, त्याच्या अनुयायांनी नुसत्या शब्दाला भ्यावे काय? श्वास कोणत्याही जातीचा नाही आणि हात वर करण्यावर कोणाची मालकी नाही. मात्र आमच्या कार्यकर्त्यांची शंका आम्ही सगळीच्या सगळी उडवून लावत नाही. योगाच्या नावाखाली पूजापाठ, गंडेदोरे, गुरूचे पाय धुणे असे जे पुष्कळदा मागून येते ते येथे येणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला अडचण वाटावी असे या दोन दिवसांत एकही अक्षर म्हणावे लागणार नाही, याची जबाबदारी संस्थेची आहे.

आणि इतिहास पाहायचा तर आपल्या धम्म चळवळीत योगाचा एक धागा आधीच विणलेला आहे. लोकमित्र हे नाव आपल्यातील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. इंग्लंडमधील हा तरुण, महास्थवीर संघरक्षितांचा शिष्य, १९७७ साली भारतात आला तो पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योगाचे शिक्षण घेण्यासाठी. वाटेत ऑक्टोबर महिन्यात तो नागपूरला थांबला. त्या वर्षी धम्मदीक्षेला एकवीस वर्षे पूर्ण होत होती. दीक्षाभूमीवर लोटलेला जनसागर त्याने पाहिला आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १९७८ पासून पुण्यात राहून त्याने त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे केले. पुढे 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे झाली, भाजे लेण्यांच्या पायथ्याशी शिबिरकेंद्र झाले. अय्यंगारांकडे आसने शिकायला निघालेला माणूस आपल्या वस्त्यांत आनापान आणि मैत्री भावना शिकवू लागला. मग योग आणि धम्म एका घरात नांदू शकत नाहीत असे आम्ही कसे म्हणावे?

अय्यंगारांची एक गोष्ट आम्हाला फार उपयोगाची वाटते. लहानपणी ते स्वतः अतिशय आजारी, अशक्त मूल होते. म्हणूनच की काय, ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या, घोंगड्या वापरात आणल्या. माणसाने आसनाला बसेपर्यंत ताणू नये, आसन माणसाला बसेल असे करावे. येथे मागच्या भिंतीला शाळेच्या लाकडी खुर्च्या मांडल्या आहेत त्या पाहुण्यांसाठी नाहीत. ज्या आजींना खाली बसता येत नाही त्यांनी सगळे काही खुर्चीवर बसून करायचे आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता बायांचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे.

आपला आष्टी तालुका अवर्षणाचा. दिवाळी झाली की कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब आपल्या जिल्ह्याशिवाय दुसरीकडे सांगितला तर लोकांना कळतही नाही. पहाटे काळोखात फडात उतरायचे, दिवसभर कमरेत वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, रात्री कोपीवर येऊन चुली पेटवायच्या. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे आकडे वर्तमानपत्रात येऊन गेले आणि विसरले गेले. येथे बसलेल्या किती जणी त्या आकड्यात आहेत हे विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही, पण शिबिर आखताना तो आकडा आम्ही डोळ्यांपुढे ठेवला आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर भगिनींनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी पोटाला झटके देणारे किंवा श्वास कोंडणारे प्रकार करायचे नाहीत. दूरदर्शनवर पाहून कपालभाती आणि भस्त्रिका करणारे पुष्कळ आहेत. ते त्यांनी घरी करावे की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे, या शिबिरात ते नाही. कमरेत वाकून ज्यांचे आयुष्य गेले त्यांना आम्ही आणखी पुढे वाकायला लावणार नाही. येथील हालचाली उलट दिशेच्या आहेत. पाठ टेकून झोपणे, गुडघे पोटाशी घेणे, भिंतीला हात लावून छाती मोकळी करणे, खांदे आणि मान सावकाश फिरवणे. मोळी वाहणाऱ्या मानेला विसाव्याची गरज आहे, कसरतीची नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस याची कथा आहे. चंपा नगरीतील श्रीमंताचा मुलगा, इतका नाजूक की पायाच्या तळव्यांवर लव होती. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण करीत इतका जोर लावला की चालण्याची वाट रक्ताने भरली. तरी मन मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. एवढे आपण नेहमी ऐकतो. पण त्या कथेचा पुढचा भाग कोणी सांगत नाही, तो असा की त्यानंतर भगवंतांनी भिक्खूंना एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. उपदेश केला आणि पायालाही काही दिले! आम्हाला हा भाग फार मोलाचा वाटतो. ज्याचे पाय रक्ताळले आहेत त्याला केवळ मन शांत ठेव म्हणून सांगणे हा धम्म नव्हे.

चंक्रमण म्हणजे सजगपणे चालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालताना मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाहा, पाचांपैकी चार तर शरीराच्या उपयोगाचे आहेत! सतिपट्ठान सुत्तातही चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे आणि हातपाय वाकवणे-पसरणे, हे सगळे जाणीवपूर्वक करण्यास सांगितले आहे. म्हणजे हालचाल ही ध्यानाची पूर्वतयारी तर आहेच, पण लक्ष ठेवून केली तर तेच ध्यान आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा उपक्रम सुरू केला, त्यात हलकी योगासने, शरीरावर क्रमाने लक्ष फिरवणे आणि श्वासाचे ध्यान एकत्र केले. आज तो जगभर चालतो. त्यातील मूळ द्रव्य कोठून गेले हे तुम्हाला सांगायला नको.

श्वासाच्या बाबतीत नियम एकच. आनापानसती सुत्तात सोळा पायऱ्या आहेत, पण पहिल्या दोन पायऱ्यांत दीर्घ श्वास दीर्घ म्हणून आणि ऱ्हस्व श्वास ऱ्हस्व म्हणून जाणायचा आहे. लांबवायचा नाही, मोजून मापून कोंडायचा नाही. विद्यार्थी मित्रांना हे सोपे वाटेल आणि पाच मिनिटांत कळेल की ते सोपे नाही. मन पोलीस भरतीच्या मैदानावर जाईल, बारावीच्या निकालावर जाईल. जाऊ द्या, परत आणा. परत आणण्याचा सरावच तर करायचा आहे.

काही जण विचारतील की दोन दिवसांत काय होणार? इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा-दहा दिवसांची शिबिरे होत आली आहेत. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी घालून दिलेल्या शिस्तीत तेथे पूर्ण मौन पाळावे लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेथे जावे, भाज्यालाही जावे. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली, तेवढी वाट सुकर झाली. पण रोजंदारीवर असलेल्या माणसाला दहा दिवसांचा खाडा परवडत नाही, आणि लेकराला घरी टाकून आईला दहा दिवस जाता येत नाही. म्हणून शनिवार-रविवार. दोन दिवसांत कोणाची कंबर बरी होणार नाही, कोणाला समाधी लागणार नाही. घरी जाऊन रोज वीस मिनिटे काय करायचे ते मात्र समजेल. ज्याचे दुखणे औषधाचे आहे त्याने औषध बंद करायचे नाही. मन फार खचलेले आहे, झोप उडाली आहे, नको ते विचार येतात, अशांनी आमच्या कार्यकर्त्यांना एकांतात सांगावे. त्यांना डोळे मिटून बसवण्यापेक्षा प्रथम डॉक्टरांकडे नेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

उद्या दुपारी मैत्री भावना आहे. तिच्यात प्रथम स्वतःविषयी, मग मित्राविषयी, मग अनोळखी माणसाविषयी आणि चौथ्या पायरीवर ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याविषयी मंगल कामना करायची असते. तयारीच्या बैठकीत एका ताईंनी विचारले, तिथे मुकादमाचेच तोंड समोर आले तर? सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुकादमाचे वाईट व्हावे असे मनात न धरणे ही मैत्री. उचलीचा हिशेब न विचारणे, ही मैत्री नव्हे. मन निवळले म्हणजे वही अधिक नीट तपासता येते, आणि बोलताना आवाज चढत नाही. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. अन्याय मुकाट्याने सोसायला बळ मिळावे म्हणून कोणी ध्यान शिकवत असेल तर तो बाबासाहेबांच्या मार्गाशी द्रोह आहे. आमच्या मते ध्यानाचा उपयोग याच्या नेमका उलट आहे. मात्र हे पटवून घेण्यासाठी भाषण पुरेसे नाही, म्हणून आता थांबतो.

थोड्या सूचना. सकाळचे सत्र रिकाम्या पोटी आहे, पण मधुमेह असलेल्यांनी थोडे खाऊनच बसावे, बिस्किटे ठेवली आहेत. लहान मुलांची व्यवस्था शेजारच्या खोलीत केली आहे, तेथे दोन विद्यार्थिनी थांबतील. मोबाईल बंद करून टेबलावर नावाच्या चिठ्ठीसह ठेवावेत. प्रत्येकाने भिंतीपासून दोन हात अंतर सोडून आपली सतरंजी अंथरावी. खुर्चीवर बसणाऱ्यांनी पुढच्या रांगेत यावे, म्हणजे त्यांना सूचना नीट ऐकू येतील. पहिली पंधरा मिनिटे अंगणात चंक्रमण आहे. ऊन चढण्याच्या आत ते उरकायचे आहे, तेव्हा चपला घालून बाहेर यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!