पिकअप वाहनाचे टायर : निवड आणि निगा

(पंचायत समितीचे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टायर हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. त्याची चिंता चालकाने आणि गॅरेजवाल्याने वाहावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आरोग्य उपकेंद्राची औषधे, शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ, टंचाईच्या दिवसांतील पाण्याच्या टाक्या, शेतकऱ्याचे दूध आणि भाजीपाला ही सारी आज बहुतांशी पिकअप वाहनाच्या पाठीवरून गावात येतात व गावाबाहेर जातात. एवढा भार वाहणारे हे वाहन रस्त्याला प्रत्यक्ष टेकते ते चार ठिकाणी, आणि यातील प्रत्येक जागा साधारणपणे हाताच्या पंजाएवढी असते. गाडीचे इंजिन कितीही बलवान असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, त्यांचे सामर्थ्य जमिनीपर्यंत पोहोचते ते या चार पंजांतूनच.

एका मागणीपत्राची गोष्ट

माझी बरीच वर्षे वाहनांच्या देखभालीत गेली. त्या काळातील एक प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एका पिकअपला चार नवे टायर बसविण्यात आले. जुलैमध्ये ती गाडी औषधांची खोकी घेऊन डोंगराकडील एका गावी निघाली. परतताना तिने एका बाळंतिणीला तालुक्याच्या रुग्णालयात आणावयाचे होते, कारण त्या दिवशी दुसरे वाहन उपलब्ध नव्हते. शेवटचे तीन किलोमीटर मातीचे होते. गाडी पहिल्याच चढावर रुतली. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, खाचा मातीने लिंपून गेल्या आणि नवा कोरा टायर गुळगुळीत दिसू लागला. अखेर गावकऱ्यांनी बैलजोडी आणून गाडी ओढून काढली. यात चार तास गेले. सुदैवाने बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. परंतु त्याचे श्रेय आमच्याकडे मुळीच नव्हते.

पुढे चौकशी झाली. टायर नवे होते, खरेदी नियमानुसार होती, दरपत्रके तीन होती आणि सर्वांत कमी दर स्वीकारला होता. दोष कोणाचाच निघाला नाही. मी मूळ मागणीपत्र काढून पाहिले. त्यावर एवढेच लिहिले होते : "टायर, नग ४." गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, किती भार वाहणार, याचा त्यात एक शब्दही नव्हता. पुरवठादाराने गुळगुळीत हमरस्त्याला योग्य असे टायर दिले, आणि मागणीपत्र पाहता त्याचे काही चुकलेही नव्हते. टायरची निवड दुकानात होत नसून मागणीपत्रावर होते, हे मी त्या दिवशी शिकलो. आज आपणांस सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

आधी रस्ता पाहावा

आपल्या राज्यात जमीन एकसारखी नाही. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते, तर पावसात टायरला लगद्यासारखी चिकटते. कोकणात जांभ्याचे खडबडीत रस्ते आणि घाटांची ओली वळणे. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि देशावर काळ्या पाषाणाची धारदार खडी, त्यात बांधांवरील बाभळीचे काटे. मेळघाट, अक्राणी, भामरागड यांसारख्या दुर्गम भागांत तर एकाच फेरीत डांबर, मुरूम, ओढा आणि चिखल अशी चारही रूपे भेटतात.

म्हणून टायर घेण्यापूर्वी एक साधे काम करावे. गाडीच्या लॉगबुकात महिनाभर एक रकाना वाढवावा आणि चालकाने रोज डांबरी रस्त्याचे किलोमीटर व कच्च्या रस्त्याचे किलोमीटर वेगवेगळे नोंदवावेत. पावसाळ्याचा एक महिना व उन्हाळ्याचा एक महिना अशा नोंदी मिळाल्यास उत्तमच. जवळजवळ सर्व धाव डांबरावर असेल, तर हमरस्त्याचे टायरच योग्य होत. धावेचा बराच भाग कच्च्या रस्त्याचा असेल, किंवा थोडाच असूनही तो चुकविता येण्याजोगा नसेल, तर ज्यांस 'ऑल-टेरेन' म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचे टायर म्हणतात, ते घ्यावेत. केवळ चिखलासाठी बनविलेले मोठ्या ठोकळ्यांचे टायर मात्र वनखात्याच्या वा बांधकामाच्या खास गाड्या सोडल्यास क्वचितच लागतात.

नक्षीची भाषा

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. खाचा जितक्या रुंद व खोल, तितकी चिखलावरील पकड चांगली. कारण ठोकळ्यांच्या कडा मातीत रुततात आणि चाक फिरताच खाचेतील माती बाहेर फेकली जाते. परंतु खाचा वाढल्या की डांबराला टेकणारे रबर कमी होते. परिणामी ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर वाढू शकते, आवाज वाढतो, ठोकळे हलत राहिल्याने झीज लवकर होते आणि इंधनही अधिक लागते. ऑल-टेरेन टायर ही या दोन टोकांमधील तडजोड होय. मध्यभागी ठोकळे जवळजवळ असावेत, म्हणजे डांबरावर गाडी सरळ व स्थिर चालते. खांद्यांकडे खाचा मोकळ्या असाव्यात, म्हणजे चिखल सुटतो. आणि ठोकळ्यांच्या बुडाशी रबर भक्कम असावे, म्हणजे धारदार खडीने त्याचे तुकडे उडत नाहीत. समतोल टायर तो हाच.

काही टायरांवर 'एम' व 'एस' ही अक्षरे असतात. ती चिखल आणि बर्फ यांची खूण आहे. परंतु ही अक्षरे मुख्यतः नक्षीचे स्वरूप सांगतात. काळ्या मातीत ती गाडी काढून देतील, अशी हमी त्यात नाही. नक्षी आपल्या डोळ्यांनी पाहावी आणि आपल्याच भागात तो टायर वापरणाऱ्या दोन चालकांना विचारावे.

बाजूवर लिहिलेले वाचावे

टायरच्या बाजूवर त्याची संपूर्ण कुंडली छापलेली असते. समजा, तेथे '२१५/७५ आर १५' असे लिहिले आहे. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. रेडियल बांधणीत दोरे चाकाच्या केंद्राकडून कडेकडे जातात व वर पोलादी पट्टे असतात. त्यामुळे टायर थंड राहतो आणि अधिक टिकतो. जुन्या आडव्या-तिरप्या दोऱ्यांच्या टायरांची बाजू जाड असते, म्हणून काही चालकांना ते दगडांवर बरे वाटतात. मात्र एकाच आसावर हे दोन प्रकार कधीही एकत्र बसवू नयेत.

मापापुढील आकडा भारनिर्देशांक सांगतो. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलोग्रॅम, ११० म्हणजे १,०६० किलोग्रॅम. पिकअपमध्ये भरलेला माल मुख्यतः मागच्या आसावर येतो. म्हणून हिशेब चार टायरांचा न करता मागच्या दोनांचा करावा. '८ पीआर' असे लिहिलेले असल्यास आत आठ थर आहेत, असे समजू नये. सुती दोऱ्यांच्या काळात आठ थरांना जी ताकद असे, तिच्या तोडीची ताकद, एवढाच त्याचा अर्थ. प्रवासी मोटारीचा टायर मापाने बसतो म्हणून पिकअपला लावणे धोक्याचे आहे; मालवाहू वर्गाचाच टायर मागावा.

आणखी दोन खुणा पाहाव्यात. पहिली आयएसआय चिन्हाची. दुसरी चार आकड्यांची निर्मिती-खूण : '२३२४' असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापराविनाही वयाने कडक होते. गोदामात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून स्वीकारू नये.

वाहन-उत्पादकाने ठरविलेले माप शक्यतो बदलू नये. २१५/७५ च्या जागी २३५/७५ चा टायर बसविल्यास चाकाचा घेर सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. गाडी १०४ किलोमीटर चालली तरी मीटरवर सुमारे १०० च दिसतात. वेग प्रत्यक्षात जास्त असून कमी भासतो, आणि लॉगबुकात इंधनाची सरासरी विनाकारण खालावलेली दिसते. एखाद्या प्रामाणिक चालकावर संशय येण्यास एवढे पुरेसे असते!

स्वस्त कोणते, महाग कोणते ?

सार्वजनिक पैसा जपून वापरलाच पाहिजे. परंतु टायरचा खरा दर नगावर नसून किलोमीटरवर असतो. उदाहरणादाखल, ६,००० रुपयांचा टायर ३०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला २० पैसे पडतात. ७,५०० रुपयांचा टायर ५०,००० किलोमीटर चालला तर १५ पैसेच पडतात. वाटेत अडकलेल्या फेऱ्यांची किंमत यात धरलेलीच नाही. मात्र महाग तो टिकाऊ, असेही समजू नये. प्रत्येक टायर बसविल्याचा व काढल्याचा दिनांक आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवल्यास दोन-तीन वर्षांत आपल्याच रस्त्यांचा आपलाच पुरावा तयार होतो. माप, बांधणी, भारनिर्देशांक, नक्षीचा प्रकार, आयएसआय चिन्ह व निर्मितीची मुदत या सहा बाबी मागणीपत्रावर लिहिल्या, की त्यानंतर कमी दराची निवड निर्धास्तपणे करता येते. कारण मग तुलना सारख्या वस्तूंची होते.

निगा

उत्तम टायरही निष्काळजीपणापुढे टिकत नाही. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात व टायर तापतो. जास्त असली की मध्यभाग झिजतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीच्या दारावरील किंवा पुस्तिकेतील आकड्यानुसार तपासावी. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी आकडे वेगळे असल्यास ते पाळावेत. स्टेपनीची हवाही विसरू नये.

नवा टायर बसविताना चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. चाकाच्या एका बाजूस काही ग्रॅमचा फरक असला तरी वेगाबरोबर त्याचा हादरा वाढतो; वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. स्टिअरिंग थरथरते आणि टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. ऑल-टेरेन टायर वजनाने जड असल्याने ही काळजी अधिकच हवी. एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट तपासावे. सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर टायर पुढे-मागे बदलावेत. दोनच नवे घेणे भाग असेल तर ते एकाच आसावर, शक्यतो मागे बसवावेत. कारण रिकाम्या पिकअपची पाठ हलकी असते व ओल्या रस्त्यावर तीच आधी घसरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनाच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. खाचेच्या तळाशी असलेली छोटी उंचवट्याची पट्टी पृष्ठभागाशी समपातळीत आली, की टायर संपला असे समजावे. चिखलाच्या रस्त्यांवर मात्र त्याच्या बरेच आधी बदलणे शहाणपणाचे. शाळेच्या कंपासपेटीतील पट्टीनेही याचा अंदाज घेता येतो. शिक्षक बंधू-भगिनींनी विद्यार्थ्यांकडून हा लहानसा प्रयोग अवश्य करून घ्यावा. आणि पिकअप हे मालवाहू वाहन आहे. चांगले टायर आहेत म्हणून त्यात वऱ्हाड वा विद्यार्थी भरून नेण्याचा परवाना मिळत नाही.

जुन्या टायरांचे काय ?

पंचायतीच्या इमारतीमागे पडलेले जुने टायर पावसाचे पाणी धरतात, आणि त्यात डेंग्यूचा डास वाढतो. ते जाळल्यास विषारी धूर होतो. म्हणून ते छपराखाली ठेवून वेळीच अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावेत. टायरची जबाबदारी तो गाडीवरून उतरला म्हणजे संपत नाही.

मित्रहो, मागणीपत्रावर सही करणारा हात बहुधा त्या चिखलाच्या चढापर्यंत कधी जात नाही. पण त्या सहीने निवडलेले टायर तेथे जातात, आणि चढाच्या पलीकडे कोणीतरी गाडीची वाट पाहत असते. पुढच्या वेळी "टायर, नग ४" असे लिहिलेला कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी चालकाला बोलवा आणि विचारा, "रस्ता कसा आहे ?" एवढा एक प्रश्न विचारण्याची रीत आपल्या कार्यालयांत रुजली, तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.