मोरचूद, मेंढी आणि गळ्यातली ग्रंथी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी बजावले आहे, 'डॉक्टर, कामातले काही सांगा, पण झोप येऊ देऊ नका.' म्हणून तुम्हा सर्वांच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करतो. मोरचूद! प्रयोगशाळेत तापवले की पांढरे पडणारे आणि पाण्याचा थेंब लागताच पुन्हा निळे होणारे ते खडे. चुन्याबरोबर त्याचेच बोर्डो मिश्रण होते. आपल्याकडे हळदीच्या कंदकुजीवरही तांब्याची औषधे वापरतात आणि मेंढ्यांची खुरे सडू नयेत म्हणून मोरचुदाचे पाणी करतात.

तांबे मुळात वाईट नाही. रक्त तयार होताना लोहाचा उपयोग व्हावा म्हणून ते लागतेच. पण मेंढीला एक किलो कोरड्या चाऱ्यामागे 5 ते 10 मिलिग्रॅम पुरते. ते 15 च्या वर गेले आणि चाऱ्यात मॉलिब्डेनम कमी असले, तर धोका. गाय जादा तांबे बरेच सोसते. मेंढीला ते पित्तावाटे नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते यकृतात साठत जाते. कित्येक आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. मग लांबची चाल, पाऊस किंवा उपासमार, असा एखादा ताण येतो आणि साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते. तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे पडतात.

हळद काढलेल्या एका रानात धनगर मामांचा कळप बसला होता. खुरांसाठी केलेल्या मोरचुदाच्या पाण्याला मेंढ्या रोज तोंड लावत होत्या. तीन दिवसांत सहा मेंढ्या गेल्या. मामा एवढेच म्हणाले, "साहेब, परवापर्यंत चांगल्या चरत होत्या हो."

मरणाच्या दारातल्या अशा मेंढीत फक्त तांबेच वाढलेले नसते. रक्तातल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस या क्षारांचाही तोल जातो. इथे थायरॉईडचा संबंध येतो. गळ्यातली ही ग्रंथी मुख्यतः टी-फोर हॉर्मोन सोडते. त्याचे जोरकस टी-थ्री बरेचसे यकृतात आणि मूत्रपिंडात तयार होते. पेशीतले सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणाऱ्या पंपाचा वेग टी-थ्रीने वाढतो. हाडांतल्या कॅल्शियमची देवघेवही त्याच्या प्रभावाखाली असते. तांब्याने यकृत बिघडते, फुटलेल्या रक्ताने मूत्रपिंड बिघडते. म्हणजे हॉर्मोन तयार करणारी आणि क्षार सांभाळणारी, दोन्ही ठिकाणे एकदमच कोलमडतात.

मग बाहेरून थायरॉईडचे हॉर्मोन दिले तर? विचार चांगला आहे. पण हे हॉर्मोन शरीराची प्राणवायूची गरज वाढवते आणि इथे प्राणवायू वाहणाऱ्या पेशीच फुटलेल्या असतात. दुष्काळात घरखर्च आवरतात, तसे आजारी शरीर टी-थ्री कमी करून खर्च आवरत असते. म्हणून मी ते देत नाही. उरलेल्या कळपाला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम थायोसल्फेट देता येते. तांबे आतड्यातच अडते आणि यकृतातला साठा हळूहळू उतरतो. मामांचा बाकीचा कळप असाच वाचला.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांची शेती आहे. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. फवारलेल्या बागेत मेंढ्या सोडू नका. गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे खाद्य आणि खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. आणि रानात कळप बसवायला मामा आले, तर तिथे काय फवारले आहे ते त्यांना आधी सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका.