पाळण्यातले नाव आणि समाजाचे भान

(कर्जत येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कर्जतला आलो की आधी गोदड महाराजांच्या मंदिरात डोके टेकवायचे आणि मग पुढच्या कामाला लागायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता. आजही तसेच केले. दर्शन घेऊन बाहेर पडताना एक विचार मनात आला. ‘गोदड’ म्हटले की परक्या माणसाला जुनेऱ्याची गोधडी आठवेल. उद्या एखाद्या घरात बाळाचे नाव ‘गोदड’ ठेवतो म्हटले, तर शहरातले पाहुणे एकमेकांकडे पाहून हसतील. पण आषाढ वद्य एकादशीला महाराजांचा रथ निघतो, तेव्हा याच नावाच्या गजराने हा सारा परिसर दुमदुमतो. शब्द तोच आहे. त्याला थोरवी आली ती ते नाव धारण करणाऱ्या संतामुळे.

मला आज बोलायचे आहे ते नावांविषयीच. विषय घरगुती वाटेल. परंतु गेल्या काही महिन्यांत तो माझ्याच घरात उभा राहिला, आणि तो केवळ घरापुरता नाही हे तेव्हा ध्यानात आले.

माझ्या पुतण्याला पहिला मुलगा झाला. त्याने आणि सूनबाईंनी नाव ठरवले ‘सूर्याजी’. पाळणा सजला, पाहुण्यांना निरोप गेले. बारशाला दोन दिवस उरले असताना बाळाच्या आत्याने, म्हणजे माझ्या पुतणीने, निक्षून सांगितले, “हे नाव मी बाळाच्या कानात सांगणार नाही.” आपल्याकडे नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ‘कुर्रर्र’ करून नाव तिनेच सांगायचे आणि भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्याच रुसली तर बारसे कसले? पुतणी शाळेत इतिहास शिकवते. तिचे म्हणणे असे, “दरवर्षी रायगडाचा पाडाव शिकवते, तेव्हा वर्गातली मुले घरी ऐकलेले सूर्याजी पिसाळाचे नाव काढतात आणि दात-ओठ खातात. उद्या आपला मुलगा त्या वर्गात बसला असेल. त्याच्याकडे वळून पाहणारे चाळीस चेहरे मला आताच दिसतात.” पुतण्या म्हणाला, “मला पिसाळ नाही, मालुसरे दिसतो. तानाजी पडल्यावर सिंहगडावर मावळ्यांना मागे फिरवणारा सूर्याजी.”

दोघेही खरेच बोलत होते. 1670 सालचा सिंहगडचा सूर्याजी आणि 1689 साली रायगड पडला तेव्हा ज्याच्या माथी फितुरीचा आरोप बसला तो सूर्याजी, या दोघांमध्ये वीस वर्षांचेही अंतर नाही. पिसाळावरचा तो आरोप सर्वच इतिहासाभ्यासकांना निर्विवाद वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण लोकस्मृती पुराव्याची वाट पाहत नाही. एका नावाच्या दोन कहाण्या; कोणती आधी आठवते, त्यावर नाव गोड किंवा कडू लागते.

मला म्हणाले, “काका, तुम्ही पत्रकार. तुम्हीच निवाडा करा.” मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवसभरात जे मनात आले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली आठवण झाली ती त्याच रायगडाची. गड पडला तेव्हा महाराणी येसूबाई आणि संभाजी महाराजांचा सात वर्षांचा पुत्र मोगलांच्या कैदेत गेले. त्या मुलाचे मूळ नाव आजोबांचेच होते, शिवाजी. ‘शाहू’ हे नाव त्याला मोगल छावणीत मिळाले, असे परंपरा सांगते. कैदेतले नाव! 1707 साली सुटका झाल्यावर ते टाकून देता आले असते. परंतु त्याच नावाने सातारच्या गादीवरून मराठी राज्य अटकेच्या दिशेने वाढत गेले, आणि पुढे कोल्हापूरच्या राजर्षींनी त्या नावाला समाजसुधारणेचे तेज दिले. आज ‘शाहू’ म्हणताना कोणाच्या मनात औरंगजेबाची छावणी येते?

दुसरी आठवण तर आपल्या जिल्ह्यातलीच. मालोजीराजे भोसले यांना अपत्य नव्हते. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केल्यावर दोन पुत्र झाले आणि त्या पिराच्या नावावरून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही हकीकत बखरींच्या परंपरेतून चालत आली आहे. आईबापांनी आपल्या श्रद्धेने आणि कृतज्ञतेने ठेवलेली ही नावे. पुढे 1624 साली नगरजवळच्या भातवडीला, आज आपण ज्याला भातोडी म्हणतो तेथे, मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन निजामशाहीवर चालून आल्या. मलिक अंबरने त्यांचा धुव्वा उडवला. त्या रणात शहाजीराजे लढले आणि शरीफजीराजे धारातीर्थी पडले. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर कोण होता? जहांगीर. म्हणजे पिराचे नाव धारण करणाऱ्या एका मराठा वीराने जहांगिराच्या फौजेशी लढताना नगरच्या मातीत देह ठेवला. त्याची निष्ठा नावावरून ओळखू पाहणारा केवढा फसला असता!

जहांगीर हे नाव आलेच आहे, तर आपल्या काळातली एक गोष्ट टाळून चालणार नाही. अभिनेते चिन्मय मांडलेकर यांनी ‘पावनखिंड’सारख्या अनेक चित्रपटांतून शिवछत्रपतींची भूमिका केली. आपल्यापैकी कित्येकांनी मुलाबाळांसह ते चित्रपट पाहिले. त्यांच्या मुलाचे नाव जहांगीर. 2024 च्या एप्रिलमध्ये ते नाव चर्चेत आले आणि समाजमाध्यमांवर त्या कुटुंबावर शिव्यांचा भडिमार झाला. हे नाव जे. आर. डी. टाटा, म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्यावरून ठेवले आहे, असे त्यांनी सांगितले. तरी ते थांबेना. मुलाच्या आईविषयी नको ते लिहिले गेले. अखेर कुटुंबाला होणाऱ्या मनस्तापामुळे यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. मूल तेव्हा अकरा वर्षांचे होते.

मित्रहो, मी येथे थोडे स्पष्ट बोलणार आहे, कारण आपण सारे एका घरातले आहोत. गुरू अर्जुनदेवांचे प्राण 1606 साली ज्याच्या आज्ञेने घेतले गेले, त्या बादशहाचे नाव ऐकून एखाद्याच्या मनात कळ उठली, तर ती खोटी नाही. 2016 साली एका प्रसिद्ध चित्रपट-दांपत्याने मुलाचे नाव तैमूर ठेवले, तेव्हा 1398 सालची दिल्लीची कत्तल अनेकांना आठवली. तो शब्द मुळात लोखंडाचा वाचक आहे, एवढ्याने ती आठवण पुसली जात नाही. ज्या समाजाला काहीच आठवत नाही, त्याला काही घडवताही येत नाही. कोणी रावण नाव ठेवत नाही, ते काही कायद्याच्या भीतीने नव्हे. स्मृतीच आपल्याला आवरते, आणि ते योग्यच आहे.

परंतु स्मृती जागी ठेवणे वेगळे आणि पाळण्यातल्या जिवाला शाप देणे वेगळे. नाव ठेवले आईबापांनी. तळतळाट पोचला मुलाला. ज्या राजाने शत्रूच्या घरच्या स्त्रियांना आणि मुलांना उपद्रव होऊ दिला नाही, त्याच्या नावाने जयजयकार करणाऱ्यांपैकी काहींनी एका आईच्या चारित्र्यावर लिहावे, याचा विषाद मला अधिक वाटला. महाराजांच्या प्रेमापोटी हे केले असे कोणी म्हणत असेल, तर त्याने महाराजांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे.

कोणी विचारेल, मग आपण गावांची नावे का बदलतो? आपल्याच जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. 2023 साली शेजारच्या चौंडीत, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, घोषणा झाली आणि 2024 साली ते शासनदरबारी मंजूर झाले. प्रश्न रास्त आहे. गावाचे नाव ही समाजाची सामाईक ठेव असते. तिच्यावर चर्चा होते, ठराव होतात, शासन निर्णय घेते. मुलाचे नाव ही सामाईक ठेव नव्हे. ते त्या मुलाचे असते. आईबाप फक्त त्याच्या वतीने ते निवडतात.

नको असलेल्या नावांचा दुसरा एक प्रकार आपल्या घराघरांत होता. मुले जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये, म्हणून मुलाला दगडू, धोंडू, कचरू, भिका अशी नावे ठेवत. त्या नावांमागे आईचे भेदरलेले काळीज होते. त्यातल्याच एका नावामुळे पुण्याचा दगडूशेठ हलवाई गणपती ओळखला जातो आणि धोंडो केशव कर्वे 1958 साली भारतरत्न झाले. दगड आणि धोंडा त्यांना आड आला नाही.

मुलींचे मात्र तसे झाले नाही. ‘नकोशी’, ‘नकुसा’ या नावांत काळजी नव्हती, नकार होता. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना जिल्हा प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली. अनेकींनी ती स्वतः निवडली. मला त्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नाव बदलले गेले, पण ते नाव धारण करणाऱ्या मुलींच्या भल्यासाठी. कोणा जमावाच्या समाधानासाठी नव्हे.

आता आपल्यापुरते काय करायचे? धर्मशास्त्राने नामकरणाला सोळा संस्कारांत स्थान दिले. कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे, अशी चार नावे सांगितली. त्यांतले व्यवहाराचे नाव समाजाने हाक मारण्यासाठी असते. म्हणून ते ठरवताना तीन प्रश्न घरात मोकळेपणाने विचारावेत. या शब्दाचा अर्थ काय? लोकांच्या मनात त्यासोबत कोणती आठवण येते? आणि शाळेच्या पहिल्या दिवशी कोणी विचारले, “हे कसले नाव?” तर त्या लेकराला देण्याजोगे उत्तर आपण त्याच्या हाती ठेवू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोघांची भीती बाळगू नये. ते ‘नाही’ असेल, तर कितीही आवडलेले नाव बाजूला ठेवावे. आपली हौस वा आपला बाणा मिरवण्यासाठी मुलाचे कपाळ वापरू नये.

घाईही नको. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. पण नावाची नोंद वर्षभर विनाशुल्क करता येते, आणि त्यानंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी जन्माचा दाखलाच प्रमाण धरला जातो. तेव्हा नोंदीतले नाव आणि घरातले नाव एकच असेल, हे पाहा.

आणि एकदा नाव कानात पडले की वाद संपला. मग ते नाव शेजाऱ्याच्या मुलाचे असो की अनोळखी घरातले. आपल्याला आवडो की न आवडो, हाक मारायची ती मायेनेच. आपल्या याच भागात आणि पुढे सोलापूर-धाराशिवकडे बिभीषण नावाचे कितीतरी लोक भेटतात. लोकांनी म्हणीत बिभीषणाला घरभेदी ठरवले, पण आईबापांनी त्याच्यातला रामभक्त पाहिला. आपण त्यांना घरभेदी म्हणून हाक मारतो का?

दुसऱ्या दिवशी मी घरात निवाडा केला नाही. हे तीन प्रश्न तेवढे विचारले. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग बहिणीला म्हणाला, “ताई, त्या चाळीस चेहऱ्यांसमोर तो एकटा उभा राहणार नाही. सिंहगडाची गोष्ट त्याला बोलता येण्याआधीपासून मी सांगेन.” पुतणी म्हणाली, “गोष्ट सांगायची तर दोन्ही सूर्याजींची सांग. लपवलेली गोष्टच मुलाला चावते.”

बारशाच्या दिवशी तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. पाठीत धपाटे बसले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसत होती. सूर्याजी मात्र झोपलेला होता. त्याला अजून कोणताच इतिहास ठाऊक नाही. तो त्याच्यापर्यंत कसा पोचवायचा, हे आपल्या हातात आहे.