लेझर, आरसा आणि मंगळ

अमिरातीत भौतिकशास्त्राच्या पदवीला प्रकाशविज्ञान शिकणाऱ्यांसमोर घरचंच उदाहरण आहे, 'अल अमल' यान. 9 फेब्रुवारी 2021 रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. त्याची तिन्ही उपकरणं प्रकाशच वाचतात: एक कॅमेरा, एक अतिनील आणि एक अवरक्त वर्णपटमापक. मंगळाच्या रात्रीचे ध्रुवीय प्रकाश अतिनील उपकरणानं टिपले, ही मला फार मोलाची कामगिरी वाटते.

अवरक्त उपकरण धूळ, बर्फाचे ढग, बाष्प आणि तापमान मोजतं. त्यात एक आरसा पुढेमागे सरकतो. प्रयोगशाळेतल्या अशा यंत्रांत ही हालचाल बहुधा हीलियम-निऑन लेझरनं मोजतात. त्याची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.