गुडघ्याची चौकशी



सकाळपासून सगळे माझ्या गुडघ्याची चौकशी करताय, म्हणून एकदाच सांगते. आतला एसीएल हा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रियेनं तो नवा बसवतात. पण गुडघा सावरतात मांडीचे स्नायू, आणि ते पडून राहिल्यावर भराभर वाळतात.

सांगलीच्या स्मृती मानधनाचा हाच अस्थिबंध जानेवारी २०१७मध्ये दुखावला. जूनमध्ये विश्वचषकात तिनं इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या! ती तेव्हा २० वर्षांची, मी ४४ची. मला वर्ष लागलं. आधी नुसता पाय सरळ उचलणं, मग खुर्चीतून उठबस, मग वजनं. आई म्हणायची, “या वयात वजनं कसली उचलतेस?” आता भरलेली कळशी तीच माझ्याकडे देते.

उद्या ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय ना? शेवाळलेल्या दगडांची भीती वाटेल, त्यांनी माझा हात धरा.