यंत्राची आठवण आणि तांडेलाची वही



आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. शाळेने आम्हांला थोडे शिकविले, बाकीचे कामगारांनी शिकविले. अशा माणसाने उपग्रहाच्या यंत्राविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर येथून जवळच आहे. द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजा आहे, पलीकडे मोरा आहे. तेथल्या नौकांवर तांडेलासमोर एक लहानशी पेटी असते. तिला आपण जीपीएस म्हणतो. त्या पेटीत रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. तो मेला की काय होते आणि तो मरण्यापूर्वी काय करावे, एवढाच आजचा विषय आहे. हा विषय यंत्राचा दिसतो, पण तो मजुरीचा आहे.

यंत्राचे काम प्रथम समजून घेऊ. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. चार उपग्रहांचा आवाज एकदम ऐकला की पेटी आपली जागा काढते. ही जागा, ही वेळ आणि तांडेलाने साठविलेल्या खुणा पेटी आपल्या आठवणीत ठेवते. अनेक जुन्या यंत्रांतील ही आठवण विजेवर जगते. नौकेची मोठी बॅटरी चालू असताना ती वीज तेथून मिळते, आणि बटण बंद केले की तो लहान सेल पुढे होतो. त्याचे काम फार हलके असते. २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल घेतला आणि आठवणीला ३ मायक्रोअँपिअर वीज लागते असे धरले, तर हिशेब सुमारे ७३,००० तासांचा, म्हणजे आठ वर्षांचा होतो. ऊन आणि खारी हवा हे आयुष्य आणखी कमी करतात.

या सेलचा स्वभाव मात्र फसवा आहे. विजेरीतला साधा सेल हळूहळू मंद होतो आणि आपल्याला सूचना देतो. लिथियमचा सेल वर्षानुवर्षे ३ व्होल्टच्या जवळपास ताठ उभा राहतो आणि शेवटी थोड्या दिवसांत कोसळतो. त्यात आपला पावसाळा येतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मोठी बॅटरी सुटलेली असते. त्या ६१ दिवसांत आठवणीचा सारा भार त्या एका सेलवर पडतो. म्हणून यंत्र विसरले हे कळते ते ऑगस्टमध्ये, नौका पाण्यात गेल्यावर.

आता काय गेले आणि काय परत मिळते, ते नीट वेगळे केले पाहिजे. प्रत्येक उपग्रह आपल्याबरोबर सगळ्या भावंडांचे पंचांगही सांगत असतो. ते पुरे ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. तेव्हा यंत्र विसरले तरी उघड्या आकाशाखाली अर्धा तास चालू ठेवा. ते पंचांग पुन्हा पाठ करते आणि वेळही लावून घेते. काही जुन्या यंत्रांत तारीख १,०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षांनी, मागे पडलेली दिसते. आठवड्यांची मोजणी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पुन्हा शून्यावर आली, त्याचा हा परिणाम. त्याचा दोष सेलवर टाकू नये.

पण तांडेलाच्या खुणांचे काय? पापलेट कोठे लागते, बुडालेले जहाज कोठे आहे, कोणत्या खडकावर जाळे फाटते, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. आकाशाचे होते ते आकाशाने परत दिले. माणसाने मिळविले होते ते गेले. वीस वर्षांची मेहनत एका नाण्याएवढ्या सेलबरोबर जाते. एक जाळे फाटले तर त्याचा भार नाखव्यावर आणि खलाशाच्या वाट्यावर पडतो. चुकून तेलाच्या फलाटाजवळ गेलो तर गोष्ट जिवावर येते. त्या फलाटांभोवती ५०० मीटरपर्यंत जाण्यास मनाई आहे.

तेव्हा उपाय सांगतो. पहिला उपाय वहीचा. यंत्र चालू असताना प्रत्येक खूण कागदावर उतरवावी, पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, आणि यंत्राला कार्डाची किंवा तारेची सोय असेल तर प्रत काढून ठेवावी. उतरविताना अंश आणि मिनिटे स्पष्ट लिहावीत. १८ अंश ५०.५ मिनिटे हे कोणी घाईत १८.५०५ अंश असे लिहिले, तर जागा सुमारे ३७ किलोमीटर दक्षिणेला सरकते! दुसरा उपाय सेल बदलण्याचा. पाच-सहा वर्षे झाली की मरणाची वाट पाहू नये. पुष्कळ यंत्रांत बाहेरची वीज चालू ठेवून सेल बदलला तर आठवण टिकते. पण तारांना चुकून स्पर्श झाला तर यंत्रच जाते. म्हणून हे काम जाणत्या कारागिराने करावे, आणि वही पुरी झाल्यावरच करावे. लिथियमच्या सेलवर थेट डाख देऊ नये, त्याला चार्ज करू नये, आणि जुना सेल समुद्रात टाकू नये. काही यंत्रांत सेल चिपच्या पोटातच बंद असतो. तेथे चिपच बदलावी लागते. आठवणीला वीजच न लागणारी नवी यंत्रे आली आहेत; पण तीही चोरीला जातात, पाण्यात पडतात. वही तेथेही हवीच.

आमच्या तांडेल मित्रांची यावर एक हरकत असते. ते म्हणतात, "खुणा लिहिल्या म्हणजे शेजाऱ्याच्या हाती गेल्या." हरकत खरी आहे, माशाची जागा ही तांडेलाची पुंजी आहे. म्हणून वह्या दोन कराव्यात. माशाच्या खुणांची वही घरी, आपल्या पेटीत ठेवावी. धोक्याच्या खुणांची वही, म्हणजे खडक, बुडालेली जहाजे आणि नळ यांची, सोसायटीत सर्वांसाठी उघडी ठेवावी. मासा आपापला असतो. बुडणे सर्वांचे सारखेच असते.

यात हक्काचाही प्रश्न आहे. यंत्र नाखव्याचे असेल, पण खुणा शोधणारे डोळे तांडेलाचे आहेत. नौका विकली, यंत्र बदलले, तर त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली पाहिजे. शिवाय जमिनीला सातबारा असतो. समुद्रातल्या जागेला तो नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने याच परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. असा प्रश्न पुन्हा आला, तर पहिला सवाल होईल, "तुम्ही नेमकी कोठे मासेमारी करीत होता?" त्या वेळी मेलेल्या पेटीकडे बोट दाखवून चालणार नाही. तारीखवार लिहिलेली वही दाखविता आली, तर बोलण्याला आधार येईल.

लोक सांगतात की मारुतीने नेलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, तोच आपला द्रोणागिरी. त्याला संजीवनीची नेमकी खूण ओळखता आली नाही, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. तो मारुती होता, त्याला ते जमले. आपल्याला डोंगर उचलता येत नाही; आपण खूण लिहून ठेवावी. ३१ मे रोजी नौका वर ओढण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. तांडेलाने वाचावे, शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहावे. दोन वह्या आणि एक सेल, एवढाच खर्च आहे. तो करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.