कलामहर्षी बाबूराव पेंटर : सुताराच्या घरातला सिनेमावाला

(तामलवाडी, तालुका तुळजापूर, येथील शाळेत पालक मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिनेमा करणाऱ्या माणसाविषयी शाळामास्तर काय बोलणार, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. पोरांना सिनेमाच्या नादापासून दूर ठेवणे हे मास्तरांचे काम. मग आज ही उलटी गंगा कशी? तर आम्ही नटनट्यांच्या गप्पा सांगावयास उभे नाही. आम्ही कोल्हापूरच्या एका कारागिराच्या मुलाचे चरित्र सांगणार आहोत, आणि ते कुणब्या-कारागिरांच्या घरात सांगण्याजोगे आहे म्हणूनच सांगणार आहोत.

मुलांची नावे घालावयास येणारे पालक आम्हांस बहुधा एकच विनवणी करतात. सुतार म्हणतो, ‘गुरुजी, पोराच्या हातात वाकस येऊ नये एवढं बघा.’ लोहार म्हणतो, ‘माझा जन्म भात्यापुढं गेला, ह्याचा जाऊ नये.’ कुणब्याचे म्हणणे तर निराळे सांगावयास नको. यामागचे दुःख आम्हांस कळते. कष्टाला दाम नाही आणि मान तर त्याहून नाही. परंतु या बोलण्यातून मूल एक खोटा धडा शिकते. हाताने काम करणारा तो अडाणी आणि कागद काळे करणारा तेवढा शहाणा, असे त्याच्या मनात बसते. हा धडा खोटा कसा, ते बाबूरावांचे आयुष्य पाहिल्यावर कळेल.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास झाला. घराणे कारागिराचे. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. घरातली हत्यारे हीच त्यांची शाळा. ते व त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. सपाट कापडावर राजवाडा असा उभा करीत की पाहणाराला त्यात चालत जावेसे वाटे. त्या काळी मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. धंदाच आडनाव झाला, आणि त्यांनी ते आयुष्यभर मानाने मिरविले.

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. तो पाहून या दोघा भावांनी चित्रपट काढण्याचा निश्चय केला. परंतु कॅमेरा आणावा कोठून? परदेशी यंत्राला लागणारा पैसा कारागिराच्या गाठी असतो थोडाच! तेव्हा त्यांनी ठरविले की यंत्र आपणच करू.

आता हे काम किती नाजूक, ते येथील सुतार-लोहारांस चटकन समजेल. चित्रपटाची फीत म्हणजे एक लांब पट्टी. तिच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. यंत्रातील आकडा त्या भोकांत अडकून फीत खाली ओढतो, मग क्षणभर थांबवितो. तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो व एक चित्र उमटते. मूकपटाच्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे १६ चित्रे घेत. आकडा केसभर चुकला तर पडद्यावर माणसे थरथरू लागत. असले यंत्र या भावांनी स्वतः घडवावयास घेतले. काम अर्धवट असतानाच सन १९१६ मध्ये आनंदराव वारले. भाऊ गेला, परंतु काम टाकले नाही. विष्णुपंत दामले या शिष्यास हाताशी धरून बाबूरावांनी सन १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती अशा यंत्रावर. तिला शाहू छत्रपतींचा आश्रय होता. भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिकेने मदत केली. प्रतिष्ठित म्हणविणारे ज्या गाणाऱ्या बाईला घरी बोलावताना बिचकत, तिच्या पैशावर मराठी चित्रपटाचा एक मोठा कारखाना उभा राहिला, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषाने केली होती; बाबूरावांनी बायकांची कामे बायकांकडूनच करविली. गुलाबबाई व अनुसूयाबाई पुढे आल्या, तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्यांस कंपनीच्या आवारात राहावे लागले. ७ फेब्रुवारी १९२० रोजी ‘सैरंध्री’ पुण्यास लागला व फार गाजला. टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हटले.

पुढे ‘सिंहगड’ आला, सन १९२३ मध्ये. तोवर चित्रण बहुधा उन्हावर चाले. यात दिव्यांच्या उजेडात रात्रीची दृश्ये घेतली. रंगविलेल्या पडद्याऐवजी खरे दरवाजे, खऱ्या पायऱ्या, भिंती उभ्या केल्या. पडदे रंगवून ज्याचा हात बसला होता, त्यानेच पडदा टाकून दिला. वेशभूषेची चित्रे तेच काढीत, जाहिरातीचे फलकही तेच रंगवीत.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती सन १९२५ ची कृती, ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील हा चित्रपट. त्यात देव नाही, राजा नाही, चमत्कार नाही. एका शेतकऱ्याची जमीन सावकार कपटाने गिळतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीमजूर होतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे यांनी केले. तेच पुढे व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्धीस आले. काळोखातली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, हे त्यातील दृश्य पाहणारे लोक कित्येक वर्षे विसरले नाहीत. बोलपट नव्हता, तरी अक्षरशत्रूसही ते दुःख समजले असते.

सन १८७५ मध्ये सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, सन १८७९ मध्ये सरकारने कायदा केला. त्यालाही चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोटली तरी पाश सुटला नव्हता. आपल्या तामलवाडीवरून जाणारा रस्ता सोलापुरास जातो. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा जमीन गमावलेली किती माणसे अशा रस्त्यांनी गेली असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? बाबूरावांनी तो पडद्यावर मांडला. जाणकारांनी वाहवा केली. परंतु गल्ला भरला नाही. लोकांना देवादिकांचे चमत्कार हवे होते, स्वतःचे दुःख पाहावयास ते आले नाहीत. सन १९३६ मध्ये त्यांनी हाच विषय बोलपटात पुन्हा घेतला. एकदा तोटा सोसून माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतो, ती काय केवळ पैशासाठी?

बाबूरावांनी विद्या झाकून ठेवली नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्यात कित्येक कारागीर मरेपर्यंत हातखंडा कोणास दाखवीत नाहीत. बाबूरावांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम तयार झाले. दामले ब्राह्मण, फत्तेलाल मुसलमान, आणि गुरू कारागिराच्या घरचा. त्या कारखान्यात जो हात चालवील तो शिष्य. सन १९२९ मध्ये या चौघांनी बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने ‘प्रभात’ कंपनी काढली. दामले-फत्तेलालांचा सन १९३६ चा ‘संत तुकाराम’ इटलीतल्या व्हेनिसपर्यंत वाखाणला गेला. शिष्य गेल्यावर गुरूची कंपनी मात्र खालावली. त्यातच बोलपट आला. बडबडीपुढे चित्राची भाषा मरेल असे बाबूरावांस वाटे. त्यांचे मन त्यात रमले नाही. ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे मोजके बोलपट काढून ते पुन्हा कुंचला व मूर्तिकामाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो पाहावयास मिळतो.

बंधूंनो, आमचे मागणे थोडके आहे. पोरगे मोडके घड्याळ, पंप किंवा सायकल उकलून बसले तर त्याला धपाटा घालू नका. जवळ बसा, पुन्हा जोडावयास लावा. पोरगी उकलीत असेल तर तिलाही उठवू नका. गावच्या सुतारदादांनी व लोहारदादांनी आठवड्यातून एक घटका शाळेत यावे, आम्ही खुर्ची देऊ आणि स्वतः मुलांत बसू. वाकस टाकून पुस्तक धरा असे आम्ही म्हणत नाही, आणि पुस्तक टाकून वाकस धरा असेही नाही. दोन्ही एका हातात आले म्हणजे काय होते, ते कोल्हापुरात दिसून आले. आणि कोणत्याही कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी तो घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. घरात वाचणारे कोणी नसेल तर शाळेत या. संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत आम्ही येथेच असतो.